जुनं विमान पुन्हा उडवायचंय? बेळगावच्या शेडपासून सांबऱ्याच्या धावपट्टीपर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही टर्नरपुढे एक झिजलेलं बुश ठेवून बघा. तो ते बोटांत फिरवील, व्हर्नियर लावील आणि म्हणेल, "एवढंच होय? सांच्याला घेऊन जावा." सांजेला ते खरंच तयार असतं, मूळ बुशापेक्षाही सफाईदार. फाउंड्री, पॅटर्न, लेथ, हायड्रॉलिक सिलिंडर हे सगळं बघत जे बेळगावात वाढले, त्यांना वाटतं की जुनी जीप उभी करता येते तर जुनं विमानही करता येईल. मलाही तसंच वाटायचं. मित्रांबरोबर एका दोन आसनी, कापडी पंखांच्या विमानावर साडेचार वर्षं काम केलं, तेव्हा कळलं की कसबी हात आपल्याकडे भरपूर आहेत, सवय नाही ती कागदाची. विमानातल्या प्रत्येक बोल्टाला जन्मदाखला लागतो. तो कुठे घडला, कुठल्या धातूचा, कोणी तपासला, कोणी बसवला, हे लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट कितीही चांगला असला तरी विमानासाठी नसल्यातच जमा. हा लेख नवख्यांसाठी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विमान बघायला जाल तेव्हा आधी कपाट उघडायला सांगा

विमानाला तीन लॉगबुकं असतात: सांगाड्याचं, इंजिनचं आणि प्रोपेलरचं. रंग उडालाय, टायर बसलेत, काच पिवळी पडलीय याची काळजी करू नका, ते सगळं होतं. ही तीन पुस्तकं सलग आहेत का, मधली वर्षं गायब आहेत का, शेवटचं ओव्हरहॉल किती तासांवर झालं, उत्पादकाने आणि नियामकाने सांगितलेल्या सक्तीच्या दुरुस्त्या केल्याची नोंद आहे का, ते बघा. सांगाड्यावरच्या डेटा प्लेटचा नंबर नोंदणीपत्राशी जुळवा. 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ती रद्द झालीय का, विमानावर कर्ज आहे का, हेही पैसे देण्याआधी बघायचं. आमच्या विमानाबरोबर एक देखणा प्रोपेलर आला, पण त्याचं लॉगबुक आलं नाही. किती तास चालला, कधी जमिनीला घासला का, कोणालाच सांगता येईना. तो आता शेडच्या भिंतीवर आहे आणि दुसऱ्या प्रोपेलरचे पैसे आम्ही वेगळे मोजले.

कुठलं विमान घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या इंजिनचे भाग आजही नवे मिळतात ते घ्या. बेंगळुरूच्या एचएएलचं पुष्पक 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेलं. त्याला कॉन्टिनेंटलचं 90 अश्वशक्तीचं इंजिन, आणि या घराण्याचे भाग आजही मिळतात. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश दुपंखी विमानावर जीव जडणं साहजिक आहे. हवाई दलाने 2012 मध्ये एक टायगर मॉथ पुन्हा उडता केला, पण तो इंग्लंडमधल्या कारागिरांकडून दुरुस्त करून आणलेला होता. एचएएलच्याच एचटी-2 या प्रशिक्षण विमानाबद्दल तर मला घरचा अभिमान आहे. 1951 मध्ये उडालेल्या त्या विमानाचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले; जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. पण त्याच्या सिरस मेजर इंजिनचे भाग शोधण्यात तुमची उमेदीची वर्षं निघून जातील. पहिल्या विमानासाठी ते नको.

मग माणूस

पाना हातात घेण्याआधी परवानाधारक विमान देखभाल इंजिनियर, म्हणजे एएमई, गाठा. पिस्टन इंजिनच्या विमानांसाठीचा बी-1.2 परवाना आणि त्या प्रकारच्या विमानाचा अनुभव हवा. काम कोणाच्या जबाबदारीखाली होणार, कोणत्या टप्प्यावर तो स्वतः बघून सही करणार, हे लेखी ठरवा. कापड चढवल्यावर आतलं काही दिसत नाही, त्यामुळे "झाकण्याआधी तपासणी" हा टप्पा कधीच चुकवायचा नाही. त्याच सुमारास नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, बेंगळुरू कार्यालयाला पत्र लिहा: हे विमान, हा क्रमांक, अशी स्थिती, उडण्यायोग्यतेचं प्रमाणपत्र पुन्हा मिळवायला काय काय लागेल? उत्तर लेखी घ्या. चार वर्षं काम करून मग विचारणारे लोक मी बघितलेत, त्यांचे हाल बघवत नाहीत.

जागा आणि पाऊसकाळ

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, हँगर मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, प्रवासी वाहतूक आहे, परवानग्या घ्याव्या लागतात. शेवटची जोडणी सोडली तर बहुतेक काम साध्या शेडमध्ये होतं. अशा विमानाचा एकेक पंख साधारण पाच मीटर, सांगाडा सहा-साडेसहा मीटर. तीस बाय चाळीस फुटांची, कोरडी, कुलूप लागणारी शेड पुरते. ट्रकमधून आणताना पंख आडवे रचू नका, पुढची कड खाली करून गाद्या बांधलेल्या घोडीत उभे ठेवा. महामार्गापेक्षा शेडजवळचा शेवटचा खडबडीत रस्ता रिबा, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, मोडतो.

बेळगावच्या पावसाप्रमाणे कामाचं वेळापत्रक आखा. खानापूर, जांबोटीकडून येणारी ओल जून ते सप्टेंबर शेडमध्ये मुक्कामाला असते. त्या महिन्यांत कागदपत्रं, इंजिनचं सुटं काम, वायरिंग, उपकरणं. लाकडाचे सांधे, कापड आणि डोप, म्हणजे कापडावर चढवायचं लेपण, दिवाळी उलटल्यावर. असं का, ते कापडाच्या ठिकाणी सांगतो.

उतरवणं

इथे घाई केली की पुढे एक वर्ष भोगावं लागतं. प्रत्येक भाग काढण्याआधी चार बाजूंनी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीत चिठ्ठी: कुठून काढला, कोणत्या बाजूने बोल्ट घातला होता, किती वॉशर होते. बोल्टाची दिशासुद्धा लिहा, कारण काही बोल्ट उलटे घातले तर कंट्रोलच्या दांडीला घासतात. एकही कुजका तुकडा फेकू नका. सडलेली रिब हा तुमचा नमुना आहे, कुजलेल्या कापडावर टाक्यांमधलं मूळ अंतर अजून दिसतं.

पोलादी नळ्या आणि लाकूड

सांगाडा बहुधा क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्यांचा, वेल्ड केलेला असतो. गंज नेहमी खाली आणि मागे शोधा. विमान शेपटीवर बसलेलं असतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी खालच्या लांब नळ्यांतून शेपटीकडे सरकतं आणि तिथेच मुरतं. नळी बाहेरून रंगवलेली, ठणठणीत दिसते आणि आतून कागदासारखी झालेली असते. टोकदार पंचाने जरा जोर देऊन टोचत जा. चांगली नळी दाद देत नाही, खाल्लेली दबते. दबली तर तो तुकडा कापून, मंजूर पद्धतीने नवा जोडायचा, आणि हे वेल्डिंग विमानाच्या कामाला पात्र असलेल्या वेल्डरनेच करायचं. बंद करण्याआधी नळीत गरम जवसाचं तेल फिरवून निथळवतात, ही जुनी आणि चांगली रीत आहे.

पंखाचा स्पार, म्हणजे लांबीभर जाणारा मुख्य कणा, लाकडी असेल तर उजेड तिरका पाडून बोल्टच्या भोकांभोवती आणि रिबेच्या खिळ्यांजवळ आडव्या भेगा बघा. दाबामुळे पडलेली केसासारखी रेघ दिसली तर तो स्पार बाद. खानापूरच्या सागवानाचा स्पार करूया, असं आमच्याकडेही एक-दोघांनी सुचवलं. साग टिकाऊ आहे, पण जड आहे. विमानाच्या स्पारला सिटका स्प्रूससारखं हलकं, प्रमाणित लाकूड लागतं. त्याच्या शिरा सरळ हव्यात, तिरकेपणा पंधरास एकपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या विमानांतला केसीन डिंक दुधापासून केलेला असतो, दमट हवेत त्याला बुरशी लागते. सांध्यात पातळ पातं सहज शिरलं तर तो सांधा उघडावाच लागतो.

उद्यमबागेला काय द्यायचं आणि काय नाही

बेळगावच्या माणसाची खरी परीक्षा इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

विमानाचा बोल्ट दिसायला दुकानातल्या बोल्टासारखाच असतो. पण त्याच्या डोक्यावर खूण असते, पोलाद ठरलेल्या ताकदीचं असतं, आटे इंची मापाचे, आणि आटे नसलेला भाग किती लांब असावा तेही ठरलेलं असतं, कारण तेवढाच भाग भोकात बसायचा असतो. मेट्रिक बोल्ट "जवळजवळ बसतो" तेव्हा त्या "जवळजवळ"मध्येच धोका असतो. टर्नरने केलेली पिन मापाला अचूक असेल, पण तिचं पोलाद कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेचं, उष्णता-प्रक्रिया कोणी केली, आतली भेग कोणी तपासली, हे त्याला सांगता येणार नाही. ते त्याचं काम नव्हतंच. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम करणारा कोणी शेजारी असेल तर त्याला विचारा. धातूच्या सळईपासून शेवटच्या तपासणीपर्यंत प्रत्येक भागामागे कागद कसा चालतो, ते तो सांगेल.

म्हणून आमचा नियम असा होता: जे विमानाबरोबर उडणार ते विमानाचं, कागदासकट विकत आणलेलं, नाहीतर मंजूर आराखड्यावरून एएमईच्या देखरेखीखाली केलेलं. जे जमिनीवर राहणार ते सगळं उद्यमबागेचं. पंख फिरवायची घोडी, इंजिनचं स्टँड, सांगाडा सरळ धरणारी जिग, बुश काढायचे पुलर, आता न मिळणाऱ्या मापांचे खास पाने, वजनाच्या काट्यांचे प्लॅटफॉर्म. आमची पंखाची घोडी इतकी छान झाली की एकटा माणूस पंख पालथा करू शकायचा. ज्या टर्नरकाकांनी ती केली ते दर रविवारी विमान बघायला यायचे, आणि त्यांनी एकदाही विमानाचा भाग स्वतः करून देतो म्हटलं नाही. कारण पहिल्याच दिवशी त्यांना लॉगबुक दाखवून सगळं समजावलं होतं. कारागिराला नाही म्हणायचं तर कारणासकट म्हणा, तो तुमच्याहून कडक पहारेकरी होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं आणि तिकडे अमेरिकेत डेटनला राइट बंधूंचंही सायकलींचंच दुकान होतं, हे आठवलं की मला नेहमी हुरूप येतो. सायकलवाल्याचा हात आणि विमानवाल्याचा हात एकच.

कापड

शहापूर-वडगावच्या मागावर ज्यांचं घर चाललं, त्यांना हे काम चटकन कळेल. आमच्या शेजारच्या विणकर आजोबांनी जुनं कापड उजेडाला धरलं आणि एका नजरेत सांगितलं की धागा उन्हाने मेलाय. विमानाचं जुनं सुती कापड, ज्याला ग्रेड-ए म्हणतात, ते नवं असताना इंचाच्या पट्टीला 80 पौंड ताण सहन करतं. ते 56 पौंडांच्या खाली उतरलं की बदलायचं. हलक्या, सावकाश उडणाऱ्या विमानांना ही मर्यादा 46. आज बहुतेक जण पॉलिस्टरचं प्रमाणित विमानी कापड लावतात आणि मीही तेच सांगेन. कुठलीही पद्धत घ्या, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचंच हस्तपुस्तक पाळा. एका कंपनीचा गोंद आणि दुसरीचा डोप अशी मिसळ करू नका.

पॉलिस्टर उष्णतेने ताणतात. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास नको, थर्मामीटर लावून तिचं तापमान मोजून घ्या. पहिला फेरा साधारण 120 अंशांवर, शेवटचा 175च्या आसपास. त्याच्या फार वर गेलं तर कापड ढिलं पडतं आणि पुन्हा ताणत नाही. मग रिब-शिलाई. लांब सुईने पंखाच्या वरून खाली, खालून वर असा दोरा नेत प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारतात, म्हणजे एक टाका तुटला तरी ओळ उसवत नाही. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं, आणि प्रोपेलरचा झोत जिथे पडतो तिथे टाके अधिक जवळ लागतात. ही शिलाई दोघांनी करायची असते, एक वर, एक खाली. आमच्याकडे घरच्या बायकांनी पहिल्या दिवसापासून आमच्यापेक्षा सरळ ओळी घातल्या.

टाक्यांवर पट्ट्या, पट्ट्यांवर डोप, मग ऊन अडवणारा चांदीसारखा ॲल्युमिनियम पावडरचा थर, आणि सगळ्यात शेवटी रंग. डोप दोन प्रकारचा: नायट्रेटवर ब्युटिरेट चालतं, ब्युटिरेटवर नायट्रेट कधीच नाही. नायट्रेट डोप ठिणगीने पेट घेतो, म्हणून शेडमध्ये त्या दिवशी ग्राइंडर बंद, वेल्डिंग बंद, साधा पंखासुद्धा बंद.

आता पावसाचं कारण. डोपमधलं द्रावण भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवेत ओल असेल तर तिचं पाणी त्या ओल्या थरावरच धरतं आणि डोप पांढरा पडतो. ही नुसती दिसण्याची खोट नाही, तो थरच कमजोर होतो. मी एकदा जुलैच्या अखेरीस, दोन दिवस ऊन पडलं म्हणून, शेपटीचा एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा हलता भाग, डोपायला घेतला. तासाभरात तो पिठात बुडवल्यासारखा झाला. सगळं उतरवून पुन्हा कापड चढवलं. त्यानंतर आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच डोप लावला, तोही दव उडून गेल्यावर, सकाळी दहानंतर. भिंतीवर आर्द्रतामापक टांगा आणि तो सांगेल ते ऐका.

रंग जाड देण्याचा मोह टाळा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) आणि एलेव्हेटरचा तोल पुस्तकात दिलेल्या मर्यादेतच हवा. मागच्या कडेवर रंग वाढला की वेगात ती कड फडफडायला लागते, आणि ती फडफड विमान मोडू शकते.

इंजिन

बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन कधीही "बघू, चालतंय का" म्हणून फिरवू नका. आतल्या कॅमशाफ्टवर गंजाचे ठिपके असतील तर ते चूर होऊन सगळ्या तेलात फिरतात. आधी प्लग काढून बोअरस्कोप घाला, सिलिंडरच्या भिंती बघा, तेल गाळून कण बघा. उत्पादकाने ओव्हरहॉलची मर्यादा तासांबरोबर वर्षांतही दिलेली असते. तास थोडे झालेत पण वर्षं तीस, तर ओव्हरहॉल धरूनच खर्च मांडा.

कॉम्प्रेशन तपासताना सिलिंडरला 80 पीएसआय हवा देतात आणि किती टिकते ते बघतात. नुसता आकडा बघून थांबू नका, कान लावा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. या वेळी प्रोपेलर घट्ट धरायला दुसरा माणूस हवाच, हवेच्या दाबाने पातं झटका देतं.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, याबद्दल एकच गोष्ट मनात कोरून ठेवा. स्विच बंद असला तरी मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर मॅग्नेटो जिवंतच असतो. प्रोपेलर हाताने हलवताना प्रत्येक वेळी तो सुरू होणारच असं समजून उभे राहा.

पेट्रोल पंपावरचं पेट्रोल घालू नका. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी सील आणि टाकीचं लेपण खातं, आणि ओल ओढून घेतं. निळसर रंगाचं विमानी पेट्रोल, 100 एलएल, हेच लागतं. टाकी, गाळण्या, नळ्या नव्या केल्याशिवाय तेही भरू नका.

जोडणी आणि वजन

कंट्रोलच्या केबल जोडल्यावर दोघांनी वेगवेगळं तपासा: काठी डावीकडे, तर डावा एलेरॉन वर. केबल उलट्या जोडल्याने आजवर माणसं मेली आहेत. टर्नबकलला, म्हणजे केबल ताणायच्या स्क्रूला, सेफ्टी वायर, नटाला स्प्लिट पिन, आणि प्रत्येकाशेजारी रंगाचा ठिपका, म्हणजे तपासून झालं.

वजन करताना दारं बंद ठेवा, वारा नको, आणि विमान पुस्तकात सांगितल्यासारखं समपातळीत. उदाहरण घेऊ. दोन मुख्य चाकांवर मिळून 372 किलो, शेपटीच्या चाकावर 18. संदर्भरेषेपासून मुख्य चाकं 10 सेंटिमीटर मागे, शेपूट 480. मग 372 गुणिले 10 म्हणजे 3,720, आणि 18 गुणिले 480 म्हणजे 8,640. बेरीज 12,360, भागिले एकूण वजन 390, गुरुत्वमध्य 31.7 सेंटिमीटरवर. शेपटीवर एकच किलो वाढला तर तो सेंटिमीटरभराहून जास्त मागे सरकतो. म्हणूनच मागे जास्तीचा रंग नको.

उड्डाण

सगळ्या सह्या झाल्या, चाचणी उड्डाणाची परवानगी आली, रेडिओचा परवाना आणि विमा झाला, तरी पहिलं उड्डाण तुमचं नाही. ते त्या प्रकारच्या, शेपटीचाकाच्या विमानांवर हात बसलेल्या वैमानिकाचं. आधी इंजिन जमिनीवर, मग संथ टॅक्सी, मग ब्रेक, आणि प्रत्येक वेळी काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडून गळती बघायची.

महिना आणि वेळ जपून निवडा. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी 36 अंश तापमानात तिथली हवा 5,600 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. दर हजार फुटांना इंजिनची साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे 90 अश्वशक्तीचं इंजिन 75च्या आसपास उरतं. तेच विमान डिसेंबरच्या सकाळी सात-आठ वाजता, धुकं नसेल तर, किती कमी धावून उचलतं ते बघाच. आम्ही डिसेंबरचीच सकाळ निवडली. टर्नरकाका कुंपणाबाहेर मोटारसायकलवर उभे राहून बघत होते.

उतरल्यावर लगेच हार-फुलं नकोत. इंजिन गार होऊ द्या, काउलिंग काढा, तेल कुठे पाझरलंय ते पांढऱ्या फडक्याने शोधा. लाकडी प्रोपेलर असेल तर त्याचे बोल्ट टॉर्क-पान्याने पुन्हा तपासा, कारण बेळगावची ओल सुटली की लाकूड आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. पंखाच्या स्ट्रटची टोकं, चाकांचे बोल्ट, केबलचा ताण बघा. मग लॉगबुक उघडा, त्या दिवसाची तारीख आणि मिनिटं लिहा, आणि एएमईला सही करायला द्या.